गाठींची शाल

आमच्या घरात नाताळाला विकतची भेट चालत नसे. बाजारातनं आणलेली वस्तू कितीही झगमगीत असो, आई ती सुपात ठेवू द्यायची नाही. नाताळाच्या सकाळी देवळात जायच्या आधी चुलीपुढं एक सूप मांडलेलं असायचं, वर धुवट पंचा झाकलेला, आणि घरातल्या प्रत्येकानं आपापली भेट त्या पंच्याखाली सरकवायची. देऊळ म्हणजे आमचं चर्च. जुनी माणसं देऊळच म्हणायची, मीही तेच म्हणणार. भेट हातानं केलेली पाहिजे आणि टाकाऊतनं केलेली पाहिजे, असा आईचा कायदा. "पैशानं आनलेलं दुकानदाराचं असतंय, तुमचं त्यात काय?" म्हणायची. सगळ्यांचं ठेवून झालं की ती सूप मांडीवर घ्यायची, एकेक वस्तू काढून ज्याची त्याला द्यायची, आणि ज्यानं ती केली असेल त्याच्या हातावर करंजी ठेवायची. ज्यानं सुपात काहीच ठेवलं नसेल त्यालाही करंजी मिळायची, पण सगळ्यांच्या शेवटी, आणि आई ती न बोलता द्यायची. त्या शेवटच्या करंजीची आम्हा भावांना एवढी धास्ती असायची, की दिवाळी सरली की आम्ही उकिरडे धुंडाळायला लागायचो. मी एकदा पत्र्याच्या डब्याची किसणी केली होती, खिळ्यानं भोकं पाडून. थोरल्या शामूनं सायकलच्या जुन्या ट्यूबचे पट्टे कापून आईच्या चपलांना लावले होते. ते दर दोन पावलांना चर्र वाजायचे, आणि आई वर्षभर ते वाजवत हिंडली.

आता माझ्या नातवंडांच्या तोंडी गिफ्ट आलंय. येऊ दे. मी चौथी नापास माणूस. मी न केलेल्या चुकीसाठी मास्तरांनी उठाबशा काढायला सांगितल्या, मी काढणार नाही म्हणालो, आणि पाटी तिथंच ठेवून घरी आलो ते परत गेलो नाही. चूक मास्तरांचीच होती, हे आजही सांगतो. पण आज लिहायला बसलोय ते माझ्या एका चुकीपायी. आणि ही चूक अशी, की आमच्या घरात सगळे ती माझा मोठेपणा म्हणून सांगतात. गेल्या नाताळात माझी नात सलोमी संडे स्कूलच्या पोरांपुढं उभी राहिली आणि तिनं 'आजोबा आणि मोठ्या आजीनं मिळून विणलेली शाल' अशी गोष्ट सांगितली. मोठी आजी म्हणजे माझी भावजय. बायकांनी डोळे पुसले. पाळकसाहेबांनी माझ्याकडं बघून मान डोलावली. मी वरच्या पंख्याकडं बघत बसलो. डिसेंबरचा महिना, पंखा बंदच होता.

आई चादरींचे गोंडे बांधायची. मागावरनं उतरलेल्या चादरीच्या दोन्ही टोकांना सुटं सूत लोंबत असतं. त्याला पीळ देऊन गाठी मारायच्या, म्हणजे चादर उसवत नाही आणि दिसतेही देखणी. सकाळी चादरींचा गठ्ठा घरी यायचा, संध्याकाळी बांधून जायचा. आबा, आमचे वडील, मी रांगत होतो तेव्हाच गेले. आम्हाला आईच्या बोटांनी वाढवलं असं म्हटलं तरी चालेल. ती बोलायची ती बोटं चालवत, रागवायची ती बोटं चालवत, प्रार्थनेत डोळे मिटले तरी तिचा अंगठा पहिल्या बोटावर घासत असायचा. शामू होटगीला रेल्वेत लागला होता, पहाटेच्या गाडीनं जायचा. आणि मी गल्लीतल्या नरसय्यामामांच्या मागावर. मामा तेलुगू, साळी जातीचे, रक्ताचं नातं काही नाही. पण मला धोटा धरायला शिकवला तो त्यांनीच. आमच्या घराला आणि त्यांच्या मागाच्या शेडला एकच भिंत होती. पलीकडं खटाक-खट चालू असलं की आमच्या फळीवरची जर्मनची भांडी हलकी किणकिणायची. माग थांबला की घर एकदम बहिरं झाल्यासारखं वाटायचं.

अशा ह्या घरात रिबकावहिनी आल्या. शामूची बायको. अक्कलकोटच्याही पलीकडच्या खेड्यातल्या, घरचे सगळे दुसऱ्याच्या शेतात राबणारे. त्यांच्या तोंडात आधी कानडी यायचं, मग ते मराठीत वळायचं. भाजलं की "अय्यव्वा!" म्हणायच्या आणि लगेच आजूबाजूला बघायच्या, कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून. भाकरी मात्र अशी करायच्या, की तशी मी पुन्हा कुठं खाल्ली नाही. पातळ, पापडासारखी कडक, महिनाभर टिकणारी. त्यावर शेंगाची चटणी आणि तेल घेतलं की दुसरं काही नको. आई दोन भाकरी खायची आणि पाणी पिऊन म्हणायची, "खायला बरी हाय. पन हात शेतातला हाय, सुताचा न्हाय." कारण वहिनींना गोंडे जमेनात. आईनं शिकवून बघितलं. वहिनींची गाठ जाड यायची. गाठ मारून उरलेलं टोक त्या परत आत खुपसायच्या, कडब्याच्या पेंढीला बांधताना खुपसतात ना, तसं. ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ. मालकानं एकदा गठ्ठा परत पाठवला, आणि आईनं तो रात्रीपर्यंत सोडून पुन्हा बांधला. त्या दिवसापासनं वहिनींनी चादरीला हात लावायचा नाही असं ठरलं. "तू आपली चूल बघ," आई म्हणाली. रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. आमच्या घरात हाताचं काम येणं म्हणजे माणसात असणं. वहिनी नुसत्या चुलीपुढं बसलेल्या दिसायच्या, पाहुण्या आल्यासारख्या.

मृगाचा पाऊस होऊन गेला असेल. एक दिवस मी दुपारी जेवायला घरी आलो. आई गठ्ठा पोचवायला गेली होती. वहिनींनी भाकरी वाढली आणि तिथंच घुटमळल्या.

"भावजी, मागावरचं उरलेलं सूत तुमी काय करता?"

"कुठलं?"

"ते बारीक बारीक, कापून टाकता ते."

मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, संपत आला की शेवटचं हातभर सूत विणता येत नाही. ते कापून टाकावं लागतं. आम्ही त्याला तुकडे म्हणायचो. मामा त्याचा बोळा करून मागाला तेल लावायला वापरायचे.

"मला आनाल का?"

"कशाला?"

वहिनींनी दाराकडं बघितलं आणि आवाज खाली केला. "आत्तींसाठी बसकर करायचंय. देवळात फरशीवर बसून गुडगे धरतात त्यांचे, बगितलं न्हाय का तुमी? उठताना भितीला हात लावतात." आत्ती म्हणजे सासू, त्यांच्याकडं तसंच म्हणतात. "सुपात ठेवीन. सांगू नका बरं का कुनाला."

मी खरंच बघितलं नव्हतं. आईचा मुलगा मी, आणि तिचे गुडघे दिसले ते सुनेला. हे तेव्हाच मला खुपलं असावं. मी म्हणालो, "आणतो की. टाकूनच तर देतो." आणि आणत राहिलो. तांबडे, पांढरे, निळे, कधी मोरपंखी. शर्टात खुपसून आणायचो आणि चुलीमागच्या मडक्यात टाकायचो. आई बाहेर गेली की वहिनी ते मांडीवर घ्यायच्या आणि तुकड्याला तुकडा जोडायच्या, हातभर सूत, मग गाठ, परत हातभर, परत गाठ. आई आली की सगळं पदराखाली. जोडलेल्या सुताचा गोळा व्हायचा, तो मडक्यात जायचा. दसऱ्यापर्यंत मडकं भरत आलं. वहिनी म्हणाल्या, आता त्याच्या वेण्या घालायच्या आणि वेण्या गोल गोल शिवायच्या, की झालं बसकर. वेण्या मात्र नाताळाच्या आदल्या रात्रीतही होतील, लागतं ते जोडायलाच.

आता माझं सांगतो. मी त्या वर्षी पहिल्यांदा सबंध चादर एकट्यानं विणली होती, आणि माझे पाय जमिनीला टेकत नव्हते. मी मामांपुढं आणि शामूपुढं बोलून बसलो होतो, की ह्या नाताळाला आईला अख्खी शाल विणून देतो, आणि तीही तुकड्यांची, कायद्याप्रमाणं. मामा हसले. "काय रा याकोब, तुकडे जोडायला बायका लागतात. तू जोडनार?" मी म्हणालो, जोडतो की. मामांनी शब्द दिला, की ताण्याचं शेवटचं टोक उरेल ते तुला, चादर व्हायला कमी आणि शाल व्हायला पुष्कळ. आडवं सूत तुझं तू आण. पण तुकडे जोडत बसायला मला लाज वाटायची. चादर विणणारा गडी मांडी घालून गाठी मारतोय! आज मारू, उद्या मारू, करत पाऊस गेला, थंडी आली, शेतात हुरडा धरला, आणि माझ्याकडं नारळाएवढासुद्धा गोळा झाला नव्हता. नाताळ आठवड्यावर आला तेव्हा मामा म्हणाले, "ताण्याचं टोक मोकळं झालं. दुपारच्या सुट्टीत बसतोस का, का कापून टाकू?" शेडमधली बाकीची माणसं माझ्याकडं बघत होती.

मी घरी आलो. वहिनी नळावर गेल्या होत्या. मडकं उचललं.

ते सूत आईचं असेल असं मला वाटलं, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगून बघितलं. पण मीच आणलेले तुकडे, मीच मडक्यात टाकलेले; दुसऱ्या कोणाला फसवता येईल, स्वतःला कसं फसवणार? खरी गोष्ट वेगळीच आहे आणि ती जास्त वाईट आहे. मी मागितलं असतं तर वहिनींनी दिलं असतं. त्यांच्या तोंडात 'नाही' हा शब्दच नव्हता. फक्त मला मागायचं नव्हतं. धाकट्या दिरानं, मागावरच्या गड्यानं, खेड्यातनं आलेल्या नव्या नवरीपुढं हात पसरायचा? आणि मनात एक असंही होतं, की हिला काय येणार आहे करायला, वेड्यावाकड्या वेण्या घालून सूत वाया घालवेल, माझ्या हातात त्याचं सोनं होईल. सोनं झालंही. सुट्टीत मी जेवायलाही उठायचो नाही. विणताना गाठ आली की बोटानं खाली ढकलायची, म्हणजे ती उलट्या बाजूला जाते. वरची बाजू अशी उतरली, की मामांनी हात फिरवून "अरे वा रा" म्हटलं. उलटी बाजू मात्र सगळी खडबडीत, वाळूत लोळवल्यासारखी. मी म्हटलं, ती कोण बघतंय.

नाताळाच्या आदल्या दिवशी घरात करंज्यांचं तळण चाललं होतं. आई कातणं फिरवत होती, शामू गच्चीवर कामट्यांची चांदणी बांधत होता, आणि मी बशीतल्या फुटक्या करंज्या संपवत होतो. वहिनी चुलीमागं वाकल्या. मडकं सरकवल्याचा आवाज आला. मग दुसरं मडकं. मग पाटा, मग सरपण. त्या उठल्या तेव्हा पीठ लागलेल्या हातांनी त्यांनी पदर धरला होता. आईला ऐकू जाऊ नये असं माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "भावजी, मागचं मडकं कुनी हलवलंय का?"

मी तोंडातला घास गिळला. "मला काय ठाऊक? चुलीपासलं राज्य तुमचं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. फार नाही, जरासंच. मग जाऊन तळण बघायला लागल्या. पुढची एक करंजी काळी झाली, आणि आई म्हणाली, "लक्ष कुटं हाय गं?"

सकाळी सूप मांडलं. शामूनं आईसाठी बाभळीचं लाटणं घासून केलं होतं. मी शाल घडी करून ठेवली, ती पंच्याबाहेर आली इतकी जाड. आईनं आधी लाटणं घेतलं, शामूला करंजी दिली. मग शाल उलगडली. तांबडी, पांढरी, निळी, मधे मोरपंखी झळाळ. तिनं ती अंगावर घेतली, दोन्ही खांद्यांवरनं हात फिरवला, आणि माझ्या हातावर दोन करंज्या ठेवल्या. आमच्या घरात दोन कोणालाच मिळाल्या नव्हत्या. मग तिनं सुपात हात घातला. सूप रिकामं. वहिनी चुलीपाशी उभ्या होत्या, पांढऱ्या लुगड्यात, लग्नातल्या. आई वाट बघत राहिली. शामूनं बायकोकडं बघितलं, त्याचा चेहरा उतरला.

"अगं, तुजं काय?" आईनं विचारलं.

"जमलं न्हाय, आत्ती."

आईनं शेवटची करंजी उचलली आणि वहिनींच्या हातावर ठेवली. वहिनींनी ती पदरात बांधली. खाल्ली नाही. त्या करंजीचं पुढं काय झालं ते मला ठाऊक नाही.

देवळात त्या वेळी बायका एका बाजूला सतरंजीवर बसायच्या, आम्ही गडी दुसऱ्या बाजूला. त्या दिवशी सतरंजी पुरली नाही, आई कडेला नुसत्या फरशीवर बसली होती, आणि वहिनी तिच्या मागं. पाळकांचा उपदेश लांबला. थंडी कमी झाली तशी आईनं शाल काढून मांडीवर घेतली. मी सहज तिकडं बघितलं. आई पुढं बघत होती, मान हलवत होती, पण तिचे हात शालीच्या खाली गेले होते. उलट्या बाजूवर. अंगठा आणि पहिलं बोट हळूहळू सरकत होतं. एक गाठ, थांबलं. दुसरी गाठ, थांबलं. जन्मभर गाठी मारलेली बाई ती. कोणाच्या हातची गाठ आहे हे तिला डोळे मिटून कळायचं. आणि पेंढीसारखं टोक आत खुपसलेल्या गाठी सगळ्या सोलापुरात एकाच हाताच्या होत्या. असल्या गाठींचा अख्खा गठ्ठा तिनंच सोडून परत बांधला होता. शेवटचं गाणं उभं राहून म्हणायचं असतं. सगळे उठले. आईनं भिंतीकडं हात नेला, उठायला. मागनं वहिनींनी तिच्या कोपराला धरलं.

दुपारी नरसय्यामामा आणि मामी फराळाला आले. दर नाताळाला यायचे. आम्ही त्यांच्याकडं संक्रांतीला जायचो. ताटं भरली, चहा आला. मामांना राहवलं नाही. "अक्का, शाल दाखव की. पोरानं माझ्या मागावर विनली. एकट्यानं!" आईनं शाल आणली, पण घडी घातलेली तशीच ठेवली मांडीवर. मग उलटी बाजू वर केली.

"इनलीस तू," ती मला म्हणाली. "गाठी कुनाच्या?"

घरात मामा होते, मामी होत्या, शामू होता. पलीकडचा माग बंद होता, सुट्टीचा. मी तोंड उघडलं आणि त्यातनं काही येईना. काय यायचं होतं? खरं सांगायचं होतं, असं मी मानतो. पण ते येईना. मला एवढंच दिसत होतं, की मामा माझ्याकडं बघताहेत.

"माज्या हायत की, आत्ती," वहिनी चुलीपासनं म्हणाल्या. कपबशी पुसत होत्या, वरसुद्धा बघितलं नाही. "सूत मी जोडलं, भावजींनी इनलं. दोगांची मिळून भेट हाय. म्हनून माजं येगळं न्हवतं."

"मग सकाळी का बोलली न्हाईस?"

"भावजींचं कौतुक चाललं होतं. मधे कुटं बोलू?"

शामू मोठ्यानं हसला. त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. "बगा! आन मला वाटलं हिनं काय केलंच न्हाय!" मामी म्हणाल्या, दीर-भावजय असावेत तर असे. आई मात्र हसली नाही. ती माझ्याकडं बघत होती.

"व्हय का रे, याकोबा?"

"व्हय," मी म्हणालो.

एवढंच. एक व्हय. आईनं मान हलवली, उठली, आणि डब्यातनं करंजी काढून वहिनींच्या हातावर ठेवली. मग दुसरी. दोन. वहिनींनी ह्या वेळी तिथंच उभं राहून खाल्ल्या, आणि मला वाटतं त्या रडत होत्या, पण चुलीचा धूरही होता.

त्या दिवसानंतर आईनं हात शेतातला आहे असं कधी म्हटलं नाही. वहिनींना ती परत गोंडे शिकवायला बसली, आणि वर्षाच्या आत त्यांचे गोंडे मालक वेगळे ठेवून घ्यायचा. ही झाली गोड बाजू. सलोमी सांगते ती हीच. मी काय केलं ते ती सांगत नाही, कारण ते कोणाला ठाऊक नाही. मी वहिनींशी बोलणं सोडलं. भांडण नाही, काही नाही. "जेवायला वाढा", "शामू आला का", एवढंच. त्यांनी मला वाचवलं होतं, आणि माझ्यासारख्याला वाचवणाऱ्याच्या डोळ्याला डोळा देता येत नाही. त्या समोर आल्या की मला माझं ते व्हय ऐकू यायचं. मग राग यायचा, आणि तो मी त्यांच्यावरच काढायचो. चहात साखर जास्त आहे म्हणून, चप्पल वाटेत आहे म्हणून. माझं लग्न झालं तसं मी वेगळं घर केलं. जागा पुरत नाही, असं सगळ्यांना सांगितलं.

आणि आई. तिनं ती शाल मरेपर्यंत पांघरली, पण उलटी. गाठी बाहेर. थंडीत ओट्यावर बसली की येणारी जाणारी बाई म्हणायची, अहो काकू, उलटी घेतली की शाल. आई म्हणायची, "हीच सुलटी हाय." तिला सगळं कळलं होतं का? मला वाटतं, कळलं होतं. कधी वाटतं, नसेल. गाठी आवडल्या असतील, सुनेच्या म्हणून. ती बोलली नाही आणि मी विचारलं नाही. आम्ही दोघं एकाच मातीचे. ती गेली तेव्हा पेटीत तिच्या अंगावर ती शाल घातली. मी बघितलं, गाठी वर होत्या. चार लोक जमलेले, पाळक उभे, म्हणून मी वाकून ती सुलटी करायला गेलो. वहिनींनी माझं मनगट धरलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"ऱ्हाऊ द्या, भावजी."

मी राहू दिलं.

शामूही आता नाही. वहिनी कुंभारीला लेकीकडं असतात, कामगारांच्या घरांत. गेल्या वर्षीच्या त्या संडे स्कूलनंतर मला झोप लागेना. ह्या वर्षी दिवाळी झाल्यावर मी जुन्या ओळखीच्या एका पॉवरलूमवाल्याकडनं तुकड्यांचं पोतं आणलं आणि घरी मांडी घालून बसलो. सून म्हणाली, "मामंजी, हे काय?" मी म्हणालो, काम आहे. माझी बोटं आता वाकडी झालीत, आणि आताचं सूत निसटतं, त्यात कापूस कमी आणि चमक जास्त. विणकराची गाठ मला झोपेतही मारता येते. ती मी मारली नाही. हातभर सूत, गाठ, टोक परत आत. पेंढीसारखं. सोडून सोडून परत मारल्या. वेण्या घातल्या, गोल शिवल्या. सलोमी मदत करते म्हणाली, तिलाही हात लावू दिला नाही.

नाताळाच्या सकाळी उपासनेआधीच मी सात रस्ता चौकातनं कुंभारीची रिक्षा धरली. वहिनी दारातल्या पायरीवर उन्हाला बसल्या होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, माणूस आवाजावरनं ओळखतात.

"मी याकोब."

"अय्यव्वा! भावजी? आज नाताळाच्या दिशी देऊळ सोडून? कुनी मेलं काय?"

"न्हाय. हे आनलंय."

"काय हाय?"

"बसकर."

त्यांनी ते मांडीवर घेतलं आणि अंगठा आणि पहिलं बोट सरकवायला लागल्या. आईकडनंच उचललेली सवय. एक गाठ, थांबलं. दुसरी. मग त्या हसायला लागल्या, बोळक्या तोंडानं, खोकला येईपर्यंत.

"जल्मभर मागावर बसलात, आन शेवटी पेंढीच बांदली की!"

मी म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी सूत तुमी दिलं न्हवतं."

"मला ठाऊक न्हाय व्हय? माजंच सूत ते."

"मग तसं का बोललात?"

त्या जरा वेळ बसकरावरनं हात फिरवत राहिल्या. आत त्यांची लेक भांडी लावत होती, पेला पडल्याचा आवाज आला.

"त्या घरात माज्या बाजूचं कुनी न्हवतं, भावजी. ह्ये पाटंला जायाचे, दिवेलागणीला यायाचे. मला वाटलं, दोगांचं हाय म्हनलं तर तुमी तरी माज्या बाजूला याल. तुमी व्हय म्हनालात. मला लई बरं वाटलं, आलात म्हनून." मग म्हणाल्या, "आन दुसऱ्या दिशी तुमी बोलायचंच सोडलं."

मला वाटत होतं, मी फक्त सूत घेतलं होतं. इतकी वर्षं मी सुताचंच ओझं वागवत होतो. मी उभाच होतो.

वहिनींनी हातानं चाचपून पायरीवरची आपल्या शेजारची जागा झाडली. बसकर तिथं अंथरलं, कडा सारख्या केल्या.

"उबं का? बसा. फरशी गार हाय."

"तुमच्यासाठी आनलंय, वहिनी."

"कळलं की. बसा म्हनते न्हवं."

मी भिंतीला हात लावून बसलो. त्यांनी आत हाक मारून लेकीला सांगितलं, भावजी आलेत, करंज्या आन, आधी त्यांना दे. गाठी टोचत होत्या. मी सरकलो नाही.